स्प्रिंग बदलण्याआधी: बीडमधल्या स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटीवाल्यांसाठी सस्पेन्शनच्या खर्चाचा हिशेब

मांजरसुंब्याच्या घाटात स्टिअरिंग पुरेसं फिरवूनही गाडी वळणाच्या बाहेर सरकते. धारूरच्या घाटात पुढचे टायर किंचाळतात. सोलापूर-धुळे हायवेवर नव्वद-शंभरला मागच्या सीटवरचे लोक हेलकावे खातात. तक्रार यांपैकी कोणतीही असो, चहाच्या टपरीवर पहिला सल्ला ठरलेला असतो: स्प्रिंग बदल, गाडी डाऊन कर, नाहीतर मॅग टाकून रुंद टायर घाल. हे सगळं महाग, आणि बहुतेक वेळा अनाठायी. खर्चाचा खरा क्रम असा: आधी हवा आणि टायर, मग अलाइनमेंट, मग झिजलेले बुश आणि शॉकअप. हे सगळं धडधाकट असेल तरच स्प्रिंगचा विचार. क्रम उलटा केलात तर तीस-चाळीस हजार घालूनही गाडी होती तशीच बाहेर पळते, आणि घरच्यांची कंबर धरते ती वेगळी.

पुढचे दर स्विफ्ट, बलेनो, पोलो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोज एवढ्या गाड्यांचे आणि ढोबळ आहेत. व्हर्टस, स्लाव्हिया किंवा ऑक्टाव्हिया असेल तर दीडपट ते दुप्पट धरा. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून फोनवर नुसतं 'किती घेता?' विचारू नका. 'जीएसटी, लेबर आणि वजनं धरून किती?' असं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर आणि गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. कुणी जुन्या दरपत्रकावरून भाव सांगत असेल तर तिथंच अडवा.

या क्रमाचं कारण दोन ओळींत. या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट सगळं पुढं असतं. साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन चाकांवर. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. म्हणून पुढच्या टायरांना नीट काम करू देणारा प्रत्येक रुपया आधी, बाकीचे नंतर.

हवा: फुकट ते हजार रुपये

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर स्टिकर असतो. त्यावर हवेचे दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ मारतो, ते चालवून घेऊ नका. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या वर चालण्याआधी तपासा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडलीत तर संध्याकाळी टायर बसलेला. पाचशे ते हजार रुपयांत चांगला डिजिटल गेज येतो. सस्पेन्शनच्या कोणत्याही सामानाआधी तो घ्या.

नायट्रोजनचे टायरमागे वीस ते पन्नास रुपये घेतात. भरला तर नुकसान नाही, पण त्यानं गाडी वळणावर चांगली धरेल असं सांगितलं तर हसून सोडून द्या. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो.

टायर: चारचे वीस ते चौतीस हजार

गाडीचा स्वभाव सगळ्यात जास्त बदलतो तो इथं. १८५/६५ आर१५ साइजचा नावाजलेल्या कंपनीचा टायर साधारण पाच ते साडेसहा हजारांना, १९५/५५ आर१६ साडेसहा ते साडेआठ हजारांना. बीडमध्ये जालना रोड, बार्शी रोड, नगर रोडला दोन-तीन दुकानांत विचारा, अंबाजोगाई-परळीकरांनी लातूरलाही एक फोन करावा. साइज सांगितलात म्हणजे काम झालं असं नाही, पॅटर्नचं नाव घेऊन भाव विचारा. एकाच कंपनीचा मायलेजवाला टायर आणि पकडवाला टायर वेगवेगळा असतो. 'एक लाख चालतो' म्हणून विकला जाणारा कडक रबराचा टायर ओल्या घाटात तुमच्या कामाचा नाही.

दुकानात टायर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो: ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना माल असेल तर सूट मागा, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर नको म्हणा. दुसरं, आयएसआयचा शिक्का. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर तो सक्तीचा आहे. तिसरं, साइजच्या पुढचा भार आणि वेगाचा कोड, उदाहरणार्थ ८८एच. मूळ टायरवरच्या कोडपेक्षा कमीचा घेऊ नका.

छुपे खर्च इथं भरपूर. 'टायर साडेपाच' म्हणतात, बिल होताना फिटिंग, नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, वजनं, नायट्रोजन आणि अलाइनमेंट मिळून दीड-दोन हजार वाढतात. व्हॉल्व्ह नवेच घ्या, त्यात कंजुषी नको. पण बॅलन्सिंगची वजनं ग्रॅमवर वेगळी लावत असतील तर आधी विचारा. जुने टायर दुकानातच राहिले तर त्यांचे पैसे बिलातून वजा करून घ्या. अर्धे घासलेले टायर दुकानदार विकतोच.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागं, जुने पुढं. दुकानदार उलट करेल, कारण पुढचे जास्त झिजतात आणि गाडीही पुढूनच ओढते. ऐकू नका. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा पकडते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. पावसात वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडलात की वजन पुढं येतं, मागचं टोक हलकं होतं. तिथं घासलेले टायर नकोत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानं तो बाद. पावसाळ्यासाठी तीनला आला की बदला. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा, शंभर-दोनशे रुपयांत होते.

आता मॅगचा मोह. पंधराच्या जागी सोळा इंची रिम घातलं आणि १९५/५५ आर१६ टायर घेतला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६२२ मिलिमीटरच्या जागी ६२१. स्पीडोमीटर बिघडत नाही, स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. पण टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. गेवराईकडून येताना साइडपट्टीच्या खड्ड्यात गाडी गेली तर ते तेरा मिलिमीटर आठवतील. वाकलेलं रिम सरळ करायला हजार-दीड हजार, तडकलेलं असेल तर फेकायचंच. वेल्डिंग मारून देतो म्हणणाऱ्याला रिम देऊ नका. सतरा इंचाच्या वर या जिल्ह्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रिम घेताना ऑफसेटचा आकडा मूळ रिमशी जुळतोय का बघा. चाक बाहेर काढायला स्पेसर टाकले की ब्रेक मारताना, खड्ड्यात, ॲक्सिलरेटर दाबताना स्टिअरिंग हाताला ओढ देतं, आणि बेअरिंग लवकर ओरडायला लागतं.

अलाइनमेंट: आठशे ते बाराशे, पाऊण तास

बॅलन्सिंगसह एवढे लागतात. नुसत्या अलाइनमेंटचे तीनशे ते सहाशे. सगळ्यात जास्त फसवणूक होते ती याच कामात, म्हणून गाडी लावून चहाला जाऊ नका, तिथंच उभे राहा.

काम नीट होत असेल तर असं दिसतं. आधी चारही टायरची हवा तपासली जाते. मग पुढची चाकं उचलून हलवली जातात: वर-खाली धरून हलवल्यावर खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉड एंड. खेळ असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. त्यानंतर चाकांना सेन्सर किंवा टार्गेट लावतात, गाडी पुढं-मागं ढकलतात, स्टिअरिंग सरळ ठेवून ते काठीनं लॉक करतात. स्क्रीनवर तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि साल निवडलंय का बघा; घाईत कोणतीही स्विफ्ट निवडली जाते आणि आकडे जुन्या मॉडेलचे लागतात. टाय रॉडचा नट सैल करून रॉड फिरवला जातो, स्क्रीनवरचा लाल आकडा हिरवा होतो, आणि मग तो नट पुन्हा आवळला जातो. आवळण्याकडे डोळा ठेवा. तो विसरला तर पुढच्या खड्ड्यापर्यंतच अलाइनमेंट टिकते. शेवटी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेली छापील प्रत मागा. प्रिंटर बंद आहे म्हणाले तर स्क्रीनचा फोटो काढा.

'कॅम्बर-कॅस्टर पण करून दिलं' म्हणून तीन-चारशे जादा लावले जातात. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत कंपनीनं फक्त पुढचा टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं, बदलण्याची सोय ठेवलेली असते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मोजता येतो, पण वेगळे बोल्ट घातल्याशिवाय फारसा बदलता येत नाही. मागं टॉर्शन बीम असतो, तिथंही फिरवायला काही नसतं. म्हणून सरळ विचारा: 'कॅम्बर कुठून फिरवला, दाखवा.' मागचे आकडे लाल दिसत असतील तर तो बीम वाकल्याचा किंवा बुश गेल्याचा पुरावा आहे, अलाइनमेंटवाल्याच्या हातात त्याचा इलाज नाही. आणि कॅम्बर जुळवायला गज लावून किंवा जॅकनं शॉकअपची नळी वाकवणारे आजही भेटतात. त्यांच्याकडून गाडी काढून घ्या.

ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ २०२४ च्या नव्या स्विफ्टच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये, स्टिअरिंगची मधली जागा बदलली तर सेन्सरला नवा शून्य शिकवावा लागू शकतो. स्कॅनर लावायचे तीनशे ते पाचशे. मीटरवर ईएसपीचा दिवा लागला आणि 'आपोआप जाईल' म्हटलं, तर मानू नका.

अलाइनमेंट लागणार की नाही, हे घरीच कळतं. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. मध्ये झिजलाय तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजलाय तर कमी. जागोजागी खड्डे पडल्यासारखं लागत असेल तर शॉकअपकडे वळा.

बुश, लोअर आर्म, शॉकअप: जुन्या गाडीचं खरं काम

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत 'हँडलिंग' सुधारायचं म्हणजे बहुतेक वेळा तिला पुन्हा मूळपदावर आणायचं. आपल्या काळ्या मातीच्या पट्ट्यातले रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि डांबरावर लांब लाटा उठतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. अशा लाटेवर स्प्रिंग वर-खाली होत राहते, तिला थांबवायचं काम शॉकअपचं. तो मेलेला असेल तर गाडी एका लाटेवर दोन-तीनदा डुलते आणि प्रत्येक डुलण्यात पुढच्या टायरांवरचं वजन कमी-जास्त होतं. तेव्हाच नेमकं वळण आलं की गाडी बाहेर.

बोनेट दाबून सोडायची चाचणी सगळे करतात. तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला सापडत नाही. चाकाआड बॅटरी मारून बघा: नळीवर नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर एवढ्यात घाई नाही, तेल ओघळून खाली आलं असेल तर बदला.

पुढचा शॉकअप मारुतीचा असेल तर नगाला साधारण दोन ते अडीच हजार, पोलोसारख्या गाडीचा साडेतीन ते पाच हजार. नेहमी जोडीनं बदला. माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं बूट त्याच वेळी बदला. ते सगळं मिळून बाजूला हजार-बाराशे, आणि उघडण्याचं लेबर एकदाच पडतं. लोअर आर्म दीड ते सव्वादोन हजारांना, लिंक रॉड चारशे ते आठशेला. लेबर दोन्ही बाजूंचं बाराशे ते अडीच हजार. सामानासह दोन-तीन तासांचं काम. शॉकअप उघडला की अलाइनमेंट परत करावीच लागते, ती बोलीत धरून घ्या. 'लेबरमध्ये आलं' असं सांगून नंतर वेगळं लावतात.

स्पीडब्रेकरवर खटखट येते म्हणून थेट स्टिअरिंग रॅक बदलायला सांगितला तर आधी दोन्ही लिंक रॉड बदलून बघा. हजार-बाराशेत आवाज गेला तर बारा-पंधरा हजार वाचले.

काम होताना दोन गोष्टी पाहा. स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर आहे का? दोरी बांधून किंवा पाय देऊन स्प्रिंग सोडवणारा फिटर स्वतःच्या जिवाशी खेळतोय, तुमची गाडी तिथं नको. आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असायला हवं. चाकं हवेत लोंबत असताना आवळले की गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं, वर्षभरात चिरतं. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, घाईत सगळ्यात आधी वगळलं जातं तेही हेच.

सामानाच्या बाबतीत 'ओरिजिनल' शब्दावर विसंबू नका. कंपनीचं खोकं, हॉलोग्राम, पार्ट नंबर आणि छापील किंमत यांचा फोटो काढा. गॅब्रिएलसारख्या, गाडीच्या कंपन्यांनाही माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा शॉकअप थोडा स्वस्त मिळतो आणि त्यात काही गैर नाही. गैर ते खोकं, ज्यावर कुणाचंच नाव नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर खिशात हात घालण्याआधी पुस्तिका वाचा. मारुतीनं जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आहे. गळका शॉकअप बाहेर बदललात की तो हक्क गेला. आधी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जॉबकार्डवर तक्रार लिहून घ्या, नुसती तोंडी सांगू नका.

स्प्रिंग, कॉइलओव्हर आणि गाडी 'डाऊन' करणं

पंधरा हजारांपासून दीड लाखापर्यंतचा हा खेळ आहे. आयात केलेल्या लोअरिंग स्प्रिंगचा संच वीस ते तीस हजार, बऱ्यापैकी कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, सत्तर हजारांच्या पुढं. बसवायला दिवस लागतो, तीनशे-पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसते तेव्हा दुसरी अलाइनमेंट. हे काम सवयीनं करणारे लोक पुण्यात सापडतील. जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर, पेट्रोल-टोलचे चार हजारांच्या आसपास, आणि दुसऱ्या तपासणीला पुन्हा तेवढेच. हा आकडा कोटेशनमध्ये कधी नसतो.

आता बीडच्या रस्त्याचं गणित. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. चार माणसं आणि सामान बसलं की तीस-चाळीस मिलिमीटर जातात. स्प्रिंगनं पस्तीस घालवले तर शंभराच्या खाली उरतात. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इतका रुंद उंचवटा असला की चाकंही त्याच्याबरोबर चढतात आणि गाडीचं पोट वाचतं. पण आपल्याकडे शाळेपुढं, मंदिरापुढं, गावच्या वेशीत जे घातलेले असतात ते अरुंद आणि उभे. पुढचं चाक उतरलेलं, मागचं अजून चढायचंय, आणि मधला पूर्ण उंचवटा पोटाखाली. सायलेन्सर, इंजिनखालचं कव्हर, कधी ऑइल चेंबर. चेंबर फुटला आणि दिवा लागूनही गाडी तशीच चालवली तर इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं, आणि अपघातानंतर तशीच चालवून वाढवलेलं नुकसान विमा देत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडी खाली आणली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे गाडी बसकी दिसते, पण वळणावर कलण्याची ओढ वाढते. वर शॉकअपचा प्रवास कमी, म्हणून लाटेवर बंप स्टॉप आपटतो. त्या क्षणी तो टायर रस्ता सोडतो. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून बूट फाटतात, ग्रीस उडतं, जॉइंट टकटक करायला लागतो. पंधरा-वीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणायचं नसेल आणि शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणारे असतील तरच हा खर्च करा.

कापलेली स्प्रिंग तर मुळीच नको. पाचशे-हजारात ग्राइंडरनं वेढा कापून देणारे आहेत. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शॉकअप मात्र जुनाच, तो तिला आवरू शकत नाही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. गॅसनं तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट, तिची ताकदच जाते. जुनी गाडी विकत घेताना चारही स्प्रिंग बॅटरीनं बघा. टोक कापलेलं दिसलं तर किमतीतून किमान पंधरा-वीस हजार उतरवा.

स्ट्रट ब्रेस नावाची दोन शॉकअपच्या टोकांना जोडणारी पट्टी तीन ते आठ हजारांना मिळते. बोनेट उघडल्यावर छान दिसते. रस्त्यावर फरक शोधावा लागतो.

मागचा जाड अँटी-रोल बार हा मात्र फ्रंट व्हील ड्राइव्हवर खरोखर चालणारा उपाय. मागची बाजू कडक झाली की वळणावर सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा मागं पेलला जातो, पुढच्या बाहेरच्या टायरवरचा भार हलका होतो आणि गाडी बाहेर पळायची थांबते. आयात केलेला पंधरा ते तीस हजारांपर्यंत, टॉर्शन बीमच्या सगळ्या गाड्यांना मिळतही नाही. त्याची दुसरी बाजू अशी: ओल्या रस्त्यावर मागचं टोक लवकर सुटतं. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातली माती चाकांबरोबर रस्त्यावर आणतात, त्यावर पहाटेचं दव पडलं की डांबराचा साबण होतो. ज्या गाडीत घरचे बसतात, जी दुसरं कुणी चालवतं, तिला हा बार लावू नका.

कंपनीनंच बसवून दिलेला पर्याय नेहमी स्वस्त पडतो. आय-ट्वेंटीची एन लाइन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक शॉकअपवर येते, अल्ट्रोज रेसर १२० पीएसचं इंजिन घेऊन आली, चाकणला बनणारी व्हर्टस दीड लिटर इंजिनात १५० पीएस देते. सेकंडहँडमध्ये पोलो जीटी टीएसआय आहे. रांजणगावला बनलेली पुंटो अबार्थ आहे, पण तिची जमिनीपासूनची उंची कंपनीनंच १५५ मिलिमीटर केलेली आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं. साध्या गाडीवर लाखभर घालण्यापेक्षा हा फरक मोजणं बरं: वॉरंटी, विमा, आरटीओ, सगळं जागेवर राहतं.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष द्या: बेकायदा बदल दोन सापडले तर दंड दोनदा. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणं हा बदल नव्हे. रिम-टायर बदलायचे तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी देते तो साइज घेणं सगळ्यात सुरक्षित. स्प्रिंग-कॉइलओव्हरसाठी तुमची गाडी एमएच-२३ ची असेल तर बीडच्या, एमएच-४४ ची असेल तर अंबाजोगाईच्या कार्यालयात आधी लेखी विचारा. 'आरटीओत आपला माणूस आहे' हे गॅरेजवाल्याचं वाक्य पावती नव्हे.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. त्यासोबत हेही माहीत असू द्या: साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मेच मिळतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले हजार तुमचे, त्यावरच्या गाडीला दोन हजार. खड्ड्यात हळूहळू झिजलेला बुश कोणत्याच पॉलिसीत बसत नाही.

केव्हा जायचं, सोबत काय न्यायचं

टायरचं काम मे अखेर, पहिल्या पावसाआधी. अलाइनमेंट आणि शॉकअपची तपासणी दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी जे बिघडायचं ते तोवर बिघडलेलं असतं. सकाळी दहाच्या आत जा. दुपारनंतर रॅम्पवर ट्रॅक्टर नाहीतर पिकअप चढलेला असतो आणि तुमचं काम संध्याकाळच्या घाईत उरकतं. आरसीची प्रत, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका, आणि मागच्या अलाइनमेंटचा कागद सोबत ठेवा. किलोमीटरचा आकडा बिलावर लिहून घ्या.

हातात हजारच असतील तर हवेचा गेज आणि नुसती अलाइनमेंट. दहा-बारा असतील आणि गाडी जुनी असेल तर पुढचे शॉकअप, माउंट, लिंक रॉड. तीस असतील तर चार चांगले टायर, आणि उरलेल्यात ब्रेक ऑइल बदला. दोन वर्षांत बदललं नसेल तर घाट उतरताना पेडल खाली जाऊ शकतं, आणि ते पाचशे ते हजारांचं काम आहे.

बदललेले जुने शॉकअप आणि स्प्रिंग गॅरेजात सोडू नका. पोत्यात घालून घरी आणा. स्प्रिंग मूळच्या असतील तर गाडी विकताना परत लागतील, शॉकअप असतील तर खरंच बदलले की नुसते पुसून बसवले याचा तोच पुरावा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद झाला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं मिटलं नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. काम झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावायची सक्ती नाही. सोबत हवं ते पक्कं बिल, खोक्याचे फोटो आणि अलाइनमेंटचे दोन्ही आकडे.